सात पासपोर्ट, सहा तिकिटे



आम्ही जळगावची साधी माणसे. आम्हा दोघांपैकी एकाने तीस वर्षे डाळ मिलमध्ये काढली. दुसरी आजही घरी शिलाई मशीन चालवते. ब्लाऊज आणि फॉल-पिको ही तिची कमाई. हे आधीच सांगतो, कारण आज आम्ही परदेश प्रवासाविषयी लिहीत आहोत. हे बंगल्यातल्या लोकांचे लिखाण आहे असे समजून कोणी पान उलटू नये.

गोष्ट सुरू झाली वर्षावासात. आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते. एका संध्याकाळी भंतेजींनी संघमित्रेची हकीकत सांगितली. सम्राट अशोकाची ही लेक बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्रापार श्रीलंकेत गेली. अनुराधपूरला ती फांदी लावली. त्याला तेवीसशे वर्षे होत आली, तरी ते झाड उभे आहे. माणसाने लावलेल्या आणि लावल्याची नोंद असलेल्या झाडांत ते जगात सर्वांत जुने मानतात. बोधगयेचा जुना वृक्ष १८७६ च्या वादळात पडला आणि तिथे नवे रोप लावावे लागले. अनुराधपूरचे झाड मात्र राखले गेले.

माय त्या दिवशी घरी येईपर्यंत काही बोलली नाही. माय म्हणजे एकाची आई, दुसरीची सासू, पण हाक दोघांचीही 'माय'. वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरतात, साखरेची गोळी चालू. रात्री भाकरी मोडता मोडता ती म्हणाली, "माले ते झाड देखनं शे."

आम्ही म्हणालो, "माय, ते परदेशात आहे."

"मंग? ती पोर नही गई का?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही हसलो आणि विषय सोडून दिला. मायने सोडला नाही. आठवड्याने तिने ताट सारताना पुन्हा तेच सांगितले.

आमच्या लोकांना प्रवास नवा नाही. वर्षातून एकदा तरी घर बंद करून गाडीत बसण्याची आपली रीत आहे. ६ डिसेंबरला दादर, दसऱ्याला नागपूर, ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगचा लांडोर बंगला. मायने समुद्र पाहिला तो चैत्यभूमीवरच. जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नसताना मुलाला मांडीवर आणि डबा डोक्यावर घेऊन कसे जायचे, चार माणसांनी एकमेकांना कसे हरवू द्यायचे नाही, कमी पैशांत चार दिवस कसे काढायचे, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकलो आहोत. फरक एवढाच की त्या प्रवासाला आपण कधी 'सहल' म्हटले नाही. आम्ही विचार केला, हीच विद्या वापरली तर श्रीलंका किती लांब आहे?

नकाशा काढून पाहिला. देश लहान आहे. क्षेत्रफळ ६५,६१० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून थोडेसे जास्त. चहूबाजूंनी समुद्र, किनारा सुमारे १,३४० किलोमीटर, आणि मधोमध डोंगर. त्यांचे सर्वांत उंच शिखर पिदुरुतलागला २,५२४ मीटर आहे. आपले कळसूबाई १,६४६. सकाळी समुद्रकाठी चहा घेतला तर संध्याकाळी डोंगरात स्वेटर घालावा लागतो. बाबासाहेब १९५० च्या मे महिन्यात याच देशात बौद्ध परिषदेला गेले होते. धम्मदीक्षेच्या सहा वर्षे आधीची ही गोष्ट. हे वाचले तेव्हा मायच्या हट्टाला आम्ही हट्ट म्हणणे बंद केले.

पैशांची गोष्ट

एकट्या घराला हे झेपणारे नव्हते. विहारात बोललो. चार घरांतून सात माणसे तयार झाली. आम्ही दोघे आणि माय, एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर काका आणि काकू. एक अंगणवाडी सेविका ताई. आणि एक भाजी विकणारी ताई. कंडक्टर काकांचे बोलणे आम्हा सर्वांना पटले. ते म्हणाले, "आधी नियम करा, मग पैसे गोळा करा. उलटे केले की भांडणे होतात."

नियम तीन ठरले. पहिला, कर्ज काढून फिरायचे नाही. दुसरा, कोणाच्या घरात शिक्षणाची किंवा दवाखान्याची गरज पडली तर त्याने आपली ठेव मोडायची. त्यात लाज नाही आणि बाकीच्यांनी टोमणा मारायचा नाही. तिसरा, पैसा कोणा एकाच्या हातात राहणार नाही. पतसंस्था बुडाली की काय होते हे जळगावच्या माणसाला शिकवावे लागत नाही. म्हणून भिशी न लावता प्रत्येकाने बँकेत स्वतःच्या नावाने आवर्ती ठेव उघडली. महिना दोन हजार, अठरा हप्ते, माणशी छत्तीस हजार.

छत्तीस हजारांचा हिशेब काकांनी तिकीट मशीनसारखा चोख केला. तो इथे देतो, कोणाला उपयोगी पडेल. जळगाव ते चेन्नई जाऊन-येऊन स्लीपर आणि वाटखर्च दोन हजार. चेन्नई-कोलंबो विमानाचे जाऊन-येऊन तेरा हजार. प्रवास परवाना आणि विमा तीन हजार. सात रात्रींचा मुक्काम, एका खोलीत तिघे धरून, चार हजार दोनशे. तिकडची बस-रेल्वे अडीच हजार. जेवण चार हजार. पाहण्याच्या ठिकाणांची तिकिटे चार हजार. राहिले तीन हजार तीनशे, ते अडीअडचणीला. पासपोर्टचे पैसे ज्याचे त्याने वेगळे भरायचे. ज्येष्ठांची रेल्वे सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, म्हणून मायचे आणि काका-काकूंचेही पूर्ण भाडे धरले.

विमान मुंबईहूनही आहे. पण चौकशी केली तेव्हा चेन्नईचे भाडे बरेच कमी पडत होते, आणि चेन्नईला जायला आपल्या खानदेशातून सरळ गाडी आहे. अहमदाबादहून निघणारी नवजीवन एक्स्प्रेस नंदुरबार, अमळनेर, जळगाव, भुसावळ करत चेन्नईला जाते. एक दिवस आणि एक रात्र गाडीत गेली की पुढे विमान फक्त सव्वा-दीड तासाचे. धुळ्याच्या मंडळींनी एस.टी.ने जळगाव किंवा अमळनेर गाठावे.

बोटीचाही विचार झाला. तामिळनाडूतल्या नागपट्टिनमहून श्रीलंकेच्या उत्तर टोकाला, कांकेसंतुरईला, २०२३ मध्ये प्रवासी बोट सुरू झाली. मध्ये बंद पडली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा निघाली. चार-एक तासांचा प्रवास. पुढे रेल्वेने जाफनावरून अनुराधपूरला उतरता येते. नागपट्टिनम हे स्वतःच जुने बौद्ध बंदर. हजार वर्षांपूर्वी राजराज चोलाच्या काळात तिथे चूडामणी विहार बांधला गेला होता. संघमित्रा समुद्रानेच गेली होती, म्हणून मायचे मत बोटीला. पण समुद्र खवळला की बोट रद्द होते, आणि परतीची बोट चुकली तर सात माणसांचा तिकडचा एकेक दिवस वाढेल. ज्याच्या खिशात मोजके पैसे आहेत त्याने खात्रीचा रस्ता धरावा, असे ठरवून विमान पक्के केले.

कागदांची गोष्ट

पैशांपेक्षा आम्हाला कागदांनी जास्त दमवले. आपल्या घरांत जन्मतारखा कशा असतात हे वाचकांना माहीत आहे. आम्हा दोघांचाही वाढदिवस १ जून. दोघांनाही शाळेत घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. माय शाळेतच गेली नाही, म्हणून तिला ती तारीखसुद्धा मिळाली नाही. आधार कार्ड काढताना कोणीतरी १ जानेवारी लिहून टाकली. आधारावर नावापुढे 'बाई' आहे, मतदान कार्डावर नाही. रेशन कार्डावर नवऱ्याच्या नावातले एक अक्षर वेगळे. तीन कागद, तीन बाया.

अर्ज भरून पहिल्यांदा गेलो तेव्हा खिडकीवरच्या माणसाने कागद परत सरकवले. म्हणाला, "आजी नक्की कोण आहेत ते आधी ठरवून या." ऑफिसचे नाव सांगत नाही. त्याच्या मनात वाईट नसेलही. पण माय बाहेर येऊन पायरीवर बसली आणि म्हणाली, "चाला घर." सत्तर वर्षे शेतात राबली, माणसे जन्माला घातली, माणसे मातीला दिली, आणि सरकारी कागदावर ती नक्की कोण हे ठरायचे होते. बाहेर एक एजंट उभाच होता. पाच हजारांत सगळे करून देतो म्हणाला. आम्ही नको म्हटले. पाच हजार म्हणजे अडीच हप्ते.

मग आमच्या मुलीने काम हातात घेतले. ती नर्सिंगला शिकते. तिने शोधून काढले की जन्मतारखेच्या पुराव्याचे नियम २०१६ च्या अखेरीस सैल झाले आहेत. जन्माचा दाखला नसला तरी पॅन, मतदान कार्ड किंवा विम्याची पॉलिसी चालते. फक्त सगळीकडे नाव एक पाहिजे. आधी मतदान कार्डावरचे नाव आधारप्रमाणे दुरुस्त केले, मग रेशन कार्डावरचे. त्यात चार महिने गेले. दुसऱ्यांदा पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात गेलो तेव्हा सगळे मिळून वीस मिनिटांत झाले. फी पंधराशे, साठीच्या वर दहा टक्के सूट, म्हणून मायला साडेतेराशे लागले.

एक गोष्ट भगिनींसाठी मुद्दाम लिहितो. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर 'ई.सी.आर.' अशी नोंद येते. आमच्या भाजीवाल्या ताई नववी शिकलेल्या, वय चव्वेचाळीस. त्यांच्या पासपोर्टवर ती नोंद पाहून त्या घाबरल्या. ती नोंद आखातासारख्या काही ठरलेल्या देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी असते. श्रीलंका पाहायला जाणाऱ्याला तिची अडचण नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांना तर ती लागतच नाही. श्रीलंकेचा प्रवास परवाना संगणकावरून मिळतो. त्याचे नियम आणि पैसे बदलत असतात, म्हणून विमानाचे तिकीट काढण्याआधी त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर खात्री करावी. तशाच नावाची खोटी संकेतस्थळे जास्त पैसे उकळतात, तेवढे सांभाळावे.

मायचा पासपोर्ट टपालाने आला. तिने हात धुतले, पदराला पुसले, मग पाकीट हातात घेतले. वाचता येत नाही, तरी फोटोखालच्या नावावरून बोट फिरवले. "मीच ना?" तिने विचारले. मुलगी म्हणाली, "तूच. आता कोणाला ठरवायचं काम नाही."

अजिंठ्याची तालीम

मायचे गुडघे चालतील का, हा प्रश्न होताच. अनुराधपूरजवळ मिहिंतले नावाची टेकडी आहे. महेंद्र, म्हणजे संघमित्रेचा भाऊ, आणि तिथला राजा देवानंपिय तिस्स यांची पहिली भेट तिथे झाली असे सांगतात. वर जायला १,८४० दगडी पायऱ्या. निम्म्या वाटेपर्यंत गाडी जाते, पण उरलेल्या चढाव्याच लागतात. मग तालीम कुठे करायची? अजिंठा आपल्यापासून साठ किलोमीटरवर. एस.टी.ने सातही जण गेलो.

लेण्यांच्या पायथ्याशी डोलीवाले असतात. खुर्चीला बांबू बांधून चौघे खांद्यावर नेतात. एकाने मायला विचारले. माय म्हणाली, "मानूसना खांदावर बशीसन बुद्धाकडे नही जावानं." डोलीवाला हसला. म्हणाला, "आजी, तुम्ही नाही बसलात तर आमची चूल कशी पेटायची?" त्याचेही खरे होते. माय जरा थांबली. मग काठी टेकत वर निघाली. वाटेत सात वेळा बसली, पण चढली. उतरल्यावर तिने त्या डोलीवाल्याला शोधून चहा पाजला. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र आम्हाला अजून सापडलेले नाही.

सतराव्या लेण्यात गाईडने एक मोठे चित्र दाखवले. सिंहल नावाच्या व्यापाऱ्याचे जहाज फुटते, तो राक्षसिणींच्या बेटावर अडकतो, पांढरा घोडा त्याला सोडवतो, आणि पुढे तो त्याच बेटावर राजा म्हणून उतरतो अशी ती कथा. ते बेट म्हणजे लंका. आम्ही शाळेच्या सहलीपासून अजिंठ्याला जात आलो, पण श्रीलंका तिथल्या भिंतीवर पंधराशे वर्षे आहे हे कोणी सांगितले नव्हते. तिकडे सिगिरिया नावाच्या उभ्या कातळावर राजा कश्यपाच्या काळातली चित्रे आहेत. तीही त्याच पाचव्या शतकातली, आणि पाहणाऱ्याला अजिंठ्याची आठवण करून देणारी. माय म्हणाली, "म्हंजे पहिले लोक येत-जात व्हतात." व्हतात, माय.

आठ दिवसांचा बेत

शिकून-सवरून बेत असा बसवला. विमानतळ कोलंबोच्या उत्तरेला, नेगोंबो गावाजवळ आहे. पहिली रात्र तिथेच. ते कोळ्यांचे गाव. वाळूवर मासळी वाळत घातलेली असते. आमच्या काकांना सुकट-बोंबील जीव की प्राण, त्यांचा पहिला दिवस तिथेच सार्थकी लागणार. दुसऱ्या दिवशी अनुराधपूर. तिथे तीन रात्री: महाबोधी वृक्ष, राजा दुट्ठगामणीने बांधलेला रुवनवेली स्तूप, जेतवन स्तूप, आणि मिहिंतले. मग दंबुल्लाची लेणी पाहत कँडी. तिथे दोन रात्री, दंतधातूचे विहार. शेवटी कोलंबोत एक रात्र, आणि आठव्या दिवशी परत. श्रीपाद शिखर २,२४३ मीटर, रात्री हजारो पायऱ्या चढून पहाटे वर पोचायचे. काकांची इच्छा होती, पण मायला खाली ठेवून जायचे नाही म्हणून त्यांनी स्वतःच ते खोडले. सिगिरियाही दुरून पाहायचे. सार्क देशांच्या नागरिकांना अनुराधपूर, सिगिरिया अशा ठिकाणी निम्मे तिकीट असते. पासपोर्ट जवळ हवा.

महिना निवडताना घोळ झाला. संघमित्रेच्या आगमनाचा दिवस तिथे डिसेंबरच्या पौर्णिमेला पाळतात. मायला तोच हवा होता. पण त्या दिवसांत तिकडे उत्तर-पूर्व भागात पाऊस असतो, आणि ६ डिसेंबरचा आपला दादरचा नेम मोडायचा नाही. म्हणून फेब्रुवारी धरला. त्या महिन्यात पाऊस कमी.

कपडे नवे घ्यायचे नाहीत. विहारात पांढरे कपडे लागतात, खांदे-गुडघे झाकलेले. ते आपल्याकडे प्रत्येकीच्या पेटीत आहेत. चप्पल बाहेर. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. तिथे तो मोठा अपमान समजतात. आपल्या मुलांना हे निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे. खाण्याला भात आणि नारळाचे कालवण. भाकरी मिळणार नाही. म्हणून गाडीसाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा बरोबर. भाषा येत नाही, पण 'आयुबोवन' म्हणजे नमस्कार आणि 'कीयद' म्हणजे 'किती' एवढे पाठ केले आहे. वंदनेची भाषा तर एकच. त्रिसरण-पंचशील आपण म्हणतो त्याच पालीत ते म्हणतात. दोन देशांच्या माणसांना याहून मोठी ओळख कोणती?

कँडीहून डोंगरात चहाच्या मळ्यांतून रेल्वे जाते. ती जगात नावाजलेली आहे. एक दिवस तिच्यासाठी ठेवला होता. पण २०२५ च्या नोव्हेंबरअखेर 'दित्वा' चक्रीवादळात त्या डोंगरांत दरडी कोसळल्या, शेकडो माणसे गेली, रूळ खचले. माळीण आणि इर्शाळवाडी पाहिलेल्या आपल्या माणसांना ते चित्र समजावून सांगायला नको. रूळ जेवढे चालू असतील तेवढेच जायचे, असे ठरले आहे.

त्या मळ्यांविषयी अंगणवाडीच्या ताईंनी वाचून सांगितले ते आम्हाला लागले. चहा तोडणाऱ्या बाया तमिळ आहेत. इंग्रजांच्या काळात त्यांचे आजे-पणजे तामिळनाडूतून तिकडे गेले. त्यांत दलित पुष्कळ. १९४८ च्या कायद्याने त्यांतल्या लाखोंचे नागरिकत्व गेले. पिढ्यान्‌पिढ्या राबून ते कागदावर कोणीच राहिले नाहीत. माय ऐकत होती. म्हणाली, "मनासारखं." २०२४ मध्ये त्यांची किमान रोजंदारी १,३५० श्रीलंकन रुपये ठरली, आपले जेमतेम चारशे. शिवाय आपल्याला हा देश स्वस्त पडतो याचेही एक कारण आहे. २०२२ मध्ये त्यांच्या रुपयाची किंमत कोसळली, पेट्रोलला आणि गॅसला रांगा लागल्या. आपला एक रुपया तिकडे सव्वातीन-साडेतीन होतो, तो त्यांच्या अडचणीतून. म्हणून एक चौथा नियम झाला: टोपलीवाल्याशी, रिक्षावाल्याशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करायची नाही. आम्ही स्वतः त्याच बाजूचे लोक आहोत.

तेरावा हप्ता

सगळे असे जुळत असताना तेराव्या महिन्यात आमच्या मुलीच्या कॉलेजची फी आली. शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर जमा झाले नव्हते. पंचवीस हजार कमी पडत होते आणि दहा दिवसांची मुदत. एका ठेवीत तेव्हा सव्वीस हजार होते.

त्या रात्री घरात कोणी जेवले नाही. मुलगी म्हणाली, एक वर्ष थांबते. माय म्हणाली, "मनी मोडा. झाड काय पळी जात नही." विहारात कळले तेव्हा काका-काकू आणि दोन्ही ताया घरी आल्या, प्रत्येकी थोडे थोडे घालतो म्हणाल्या. आमचे डोळे भरून आले. पण नियम आम्हीच केला होता: कर्ज काढून फिरायचे नाही. आणि दुसरा नियमही आमचाच होता. शिक्षण आधी. बाबासाहेबांचे नाव घेऊन दादरला जायचे आणि मुलीची फी थकवून श्रीलंकेला, हे कोणत्या तोंडाने?

मायची ठेव मोडायची नव्हती; तिच्यासाठी तर हा प्रवास. मायला अंघोळीला, औषधाला बाईमाणूस पाहिजे, म्हणजे शिलाई मशीनवालीने जायलाच हवे. राहिला डाळ मिलवाला. त्याची ठेव दुसऱ्या दिवशी मोडली. फी भरली. पावती मुलीने देव्हाऱ्यासारखी बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवली आहे. शिष्यवृत्ती नंतर जमा झाली, पण तोवर विमानाची तिकिटे काढून झाली होती आणि भाडे वाढले होते. ते पैसे आता पुढच्या वर्षाच्या फीला ठेवले.

म्हणून आमच्या गटाचे पासपोर्ट सात आणि तिकिटे सहा. 'आम्ही जाणार' असे लिहिताना आता हात थोडा अडखळतो. पण खोडून 'ती जाणार, तो राहणार' असे लिहायलाही मन होत नाही. नकाशा दोघांनी पाहिला, हिशेब दोघांनी मांडला, मायला खिडकीसमोर उभे दोघांनी केले. जाणेही दोघांचेच आहे.

ज्या सकाळी माय झाडासमोर बसेल, त्या सकाळी इकडे विहारात त्याच वेळी वंदना होईल. जळगाव आणि अनुराधपूर यांचे घड्याळ एकच आहे. राहणाऱ्याने जाणाऱ्यांना एकच काम सांगितले आहे. त्या झाडाचे पान तोडायचे नसते. आपोआप गळून पडलेले एखादे मिळाले आणि तिथल्या लोकांनी घेऊ दिले, तर वहीत घालून आणा. नाही मिळाले तरी हरकत नाही. मायने पाहिले म्हणजे घराने पाहिले.

आमच्या वाचकांपैकी कोणाच्या घरात अशी एखादी माय असेल, एखादे झाड मनात धरून बसलेली, तर तिला हसू नका. आधी तिचे कागद तपासा, नावे एक करून घ्या. प्रवास नाही झाला तरी ते काम वाया जात नाही. मग चार घरे एकत्र या, नियम लिहून काढा, हप्ता स्वतःच्या नावाने भरा. मध्येच मुलांची फी आली तर ठेव मोडा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा.

राहिलेला सातवा पासपोर्ट मायने आपल्या पेटीत, पांढऱ्या साडीच्या घडीत ठेवला आहे. तो दहा वर्षे चालतो. या महिन्यापासून त्याच्या नावाने नवी आवर्ती ठेव उघडली. पहिला हप्ता मायने दिला, अंगाई-बारशाच्या वेळी मिळालेल्या आणि गाठीला बांधून ठेवलेल्या पैशांतून.

जयभीम.